‘सगळे’ नावाचा सर्व्हर नसतो

सर्व्हर बंद पडतात, ग्राहक ओरडतात, कुणीतरी रात्रभर जागून ते पुन्हा उभे करतं आणि दोन दिवसांनी एक अहवाल निघतो. आमच्या धंद्यात त्याला ‘आरसीए’ म्हणतात. त्यात ‘मूळ कारण’ असा एक रकाना असतो आणि त्या रकान्यात वारंवार दोनच शब्द भरलेले दिसतात : मानवी चूक.

मीही ते शब्द लिहिले आहेत. एकदा, दुसऱ्याच्या नावापुढे. त्याबद्दल पुढे सांगतोच. माणसं चुकत नाहीत असं माझं म्हणणं नाही. माणूस चुकणारच, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच ते ‘कारण’ होऊ शकत नाही. पावसाळ्यात छत गळायला लागलं आणि गवंड्याने ‘गळतीचं मूळ कारण : पाऊस’ असं सांगितलं, तर त्याला आपण पैसे देऊ का?

शेकडो सर्व्हरांना एका दमात हुकूम देणारी जी हत्यारं आम्ही वापरतो, ती मुळातच उलटी घडवलेली आहेत. त्यांत ‘सगळ्यांना, आत्ताच्या आत्ता’ सांगणं सर्वांत सोपं आहे. ‘मोजक्यांना, सावकाश’ सांगायचं तर जादा कष्ट घ्यावे लागतात. आणि मग कधीतरी भलत्यांना हुकूम गेला की हत्यार नामानिराळं राहतं आणि ज्याचं बोट कळीवर होतं तो सापडतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे हातात धरता येईल असा डबा नव्हे. डेटा सेंटरमधल्या एका दांडग्या यंत्राचे सॉफ्टवेअरने पाडलेले ते वाटे असतात. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत आणि प्रत्येकाचं दार वेगळं असावं, तसं. पूर्वी नवा सर्व्हर हवा असला की कोटेशन, मंजुरी, डिलिव्हरी, मग तो रॅकमध्ये बसवणं, असा महिना-दोन महिन्यांचा कारभार असे. आता चहा संपायच्या आत दहा सर्व्हर उभे राहतात. त्यामुळे जिथे पाच यंत्रं होती तिथे पाचशे झाली, आणि ती सांभाळणारी माणसं मात्र तेवढीच राहिली.

पाचशे सर्व्हरांवर एकेक करून लॉगिन करणं शक्य नाही. म्हणून हुकूम एकदाच लिहायचा आणि गटाला पाठवायचा. गट ठरतो यादीवरून किंवा टॅगवरून. टॅग म्हणजे सर्व्हरला चिकटवलेली चिठ्ठी : हा ‘टेस्ट’चा, हा ‘प्रॉडक्शन’चा, हा डेटाबेसचा. ज्यांच्यावर ‘टेस्ट’ लिहिलंय त्या सगळ्यांवर अमुक कमांड चालव, एवढं म्हटलं की काम झालं. मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ऑस्लोमध्ये सीएफइंजिन लिहिलं, तेव्हापासून ही हत्यारांची परंपरा सुरू आहे. पुढे पपेट आलं, सॉल्ट आलं, अ‍ॅन्सिबल आलं. अ‍ॅमेझॉनने २०१५मध्ये क्लाउडवरच्या सर्व्हरांसाठी ‘रन कमांड’ आणली.

‘अ‍ॅन्सिबल’ हा शब्द उर्सुला ले ग्विन यांनी १९६६च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीत घडवला. कितीही प्रकाशवर्षांचं अंतर असो, तत्क्षणी निरोप पोचवणारं ते यंत्र. मायकेल डीहान यांनी २०१२मध्ये आपल्या सॉफ्टवेअरला तेच नाव दिलं. नाव समर्पक आहे. निरोप खरोखरच क्षणात पोचतो. ज्यांना पोचायला हवा होता त्यांनाच तो पोचतोय का, याची काळजी त्या यंत्राला नसते.

*

कुठलंही हत्यार काय समजून बनवलंय हे त्याच्या पहिल्या धड्यात कळतं. सॉल्ट शिकायला घेतलं की पहिली कमांड असते ती चांदणीच्या चिन्हाची. चांदणी म्हणजे सगळे. सगळ्यांना पिंग करा, बघा कसे एका झटक्यात उत्तर देतात! अ‍ॅन्सिबलच्या पहिल्या धड्यातही तेच : ‘ऑल’. नवशिक्याच्या बोटांना पहिली सवय लागते ती ‘सगळे’ टाईप करण्याची. पहिल्याच दिवशी कुणाला गाडी शिकवताना ‘आधी पाचवा गिअर टाक, मजा बघ’ असं आपण म्हणत नाही.

पुढे न सांगता काय गृहीत धरलं जातं ते पाहा. अ‍ॅन्सिबलमध्ये गटाचा एखादाच भाग हवा असेल तर मर्यादा वेगळी लिहावी लागते. ती लिहायची राहिली तर हत्यार अडून बसत नाही; अख्खा गट घेतं. तुकड्यातुकड्यांनी चालवायचं असेल तर ‘सीरियल’ नावाची ओळ आपण होऊन घालावी लागते. नाही घातली तर सगळा गट म्हणजे एकच तुकडा. एका वेळी पाचच सर्व्हरांशी बोलायचं असं एक बंधन त्यात आहे खरं, पण ते सोयीसाठी आहे, सुरक्षेसाठी नाही : पाच झाले की पुढचे पाच, मध्ये न थांबता. एखादा सर्व्हर नापास झाला तर त्याला बाजूला काढून उरलेल्यांवर काम चालूच राहतं.

अ‍ॅमेझॉनची रन कमांड या बाबतीत जरा शहाणी आहे. काही न सांगितल्यास ती एका वेळी ५० सर्व्हरांना हुकूम देते आणि पहिल्याच अपयशाला पुढच्यांना पाठवणं थांबवते. पण इथे एक मेख आहे, आणि ती धंद्यातल्या अनेकांच्याही लक्षात येत नाही. चुकीचा हुकूम अपयशी होतच नाही. ‘ही डिरेक्टरी पुसून टाक’ ही कमांड भलत्या सर्व्हरवर गेली तर ती तिथे यशस्वीच होते. डिरेक्टरी पुसली जाते, परतीचा कोड शून्य येतो, पडद्यावर हिरवी ओळ उमटते. सगळं हिरवंगार दिसत असताना सगळं गेलेलं असतं. म्हणजे अपयश मोजून थांबणारं हत्यार नेमक्या सर्वांत मोठ्या अपघातात उपयोगाचं नसतं.

तिसरी गोष्ट यादीची. हुकूम नीट तपासला जातो, कोड रिव्ह्यू होतो, चार डोळे त्यावरून फिरतात. यादी कोण तपासतं? टॅग कधी लावला, कुणी लावला, तो आजही खरा आहे का, हे विचारायची पद्धतच नाही. टॅग हे कुणीतरी कधीतरी केलेलं विधान असतं. हत्यार ते त्रिकालाबाधित सत्य मानून चालतं.

*

हे सगळं घडून गेलेलं आहे, आणि मोठमोठ्या ठिकाणी घडून गेलेलं आहे.

२८ फेब्रुवारी २०१७. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवणसेवेच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात बिलिंगची यंत्रणा हळू चालत होती. एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे थोडे सर्व्हर काढून टाकण्याची कमांड दिली. तिच्यात एक गोष्ट चुकीची टाईप झाली आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यांवर एस-थ्रीची दोन महत्त्वाची उपयंत्रं उभी होती. सुमारे चार तास इंटरनेटचा मोठा भाग आडवा झाला. ‘सेवा बंद आहे’ हे सांगणारं अ‍ॅमेझॉनचं पानसुद्धा एस-थ्रीवरच अवलंबून असल्याने बराच वेळ बदलता येईना. पुढे कंपनीने जाहीर केलेलं निवेदन वाचण्यासारखं आहे. त्यात त्या कर्मचाऱ्याच्या माथी खापर फोडलेलं नाही. हत्याराने फार जास्त क्षमता फार वेगाने काढू दिली, असं त्यात म्हटलं आहे. त्यांनी हत्यार बदललं : ते आता सावकाश काढतं आणि किमान गरजेच्या खाली जाऊ देत नाही.

एप्रिल २०२२. अ‍ॅटलासियनला काही ग्राहकांच्या साइटवरचं एक जुनं अ‍ॅप काढायचं होतं. एका गटाने दुसऱ्या गटाला क्रमांकांची यादी दिली; ती अ‍ॅपच्या क्रमांकांची असायला हवी होती, पण होती अख्ख्या साइटच्या क्रमांकांची. पुसणाऱ्या यंत्रणेला दोन्ही प्रकारचे क्रमांक चालत होते. तिने काही न विचारता साइट पुसल्या. ७७५ ग्राहकांचं काम थांबलं, काहींचं चौदा दिवसांपर्यंत. स्क्रिप्टने तिचं काम चोख केलं होतं. यादी चुकली होती.

मे २०१४, अटलांटातलं एमरी विद्यापीठ. विंडोज नव्याने बसवण्याचा हुकूम चुकून विद्यापीठाच्या सगळ्या विंडोज यंत्रांना गेला आणि ती एकामागून एक कोरी होऊ लागली. हुकूम देणारा सर्व्हर थांबवायला जावं, तर तो स्वतःही कोरा झालेला. ‘सगळे’ म्हटल्यावर त्यात हुकूम देणाराही आला, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

१९ जुलै २०२४ तर सगळ्यांनाच आठवत असेल. क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल जगभरच्या यंत्रांवर एकदमच गेली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ही काही कुणी रात्री मारलेली कमांड नव्हती, पण वृत्ती तीच : सगळ्यांना, एकदम. असे बदल यापुढे टप्प्याटप्प्याने पाठवू, असं कंपनीने नंतर सांगितलं. टप्प्याटप्प्याने पाठवण्यासाठी कुठलाही नवा शोध लागायची गरज नव्हती.

आणि यादीतल्या सगळ्यांना हुकूम पोचला, असं समजणंही तितकंच महागात पडतं. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीत आठ सर्व्हरांवर नवा कोड जायचा होता. सातांवर गेला, एकावर राहिला. त्या एकाने जुन्या, मेलेल्या कोडला जाग आणली आणि पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलर बुडाले. आठ सर्व्हर ‘एक गट’ आहेत असं सगळे धरून चालले होते.

*

या आंधळेपणाला आमच्या धंद्यात एक तत्त्वज्ञानही आहे. ‘सर्व्हर म्हणजे पाळीव प्राणी नव्हेत, गुरं आहेत.’ मायक्रोसॉफ्टमधल्या बिल बेकर यांच्या नावाने सांगितला जाणारा हा दाखला रँडी बायस यांनी सर्वतोमुखी केला. पाळीव कुत्र्याला आपण नाव देतो, आजारी पडला तर औषधपाणी करतो. गुरांना नंबर असतो, एक गेलं तर दुसरं आणतो. तेव्हा सर्व्हरांना लाडाची नावं देऊ नका, बिघडला तर मारून नवा उभा करा.

यातला अर्धा भाग बरोबर आहे. कुठलाही सर्व्हर पुन्हा जसाच्या तसा उभारता आला पाहिजे. ‘त्याला हात लावू नका, तो कसा चालतो कुणालाच माहीत नाही’ असा एकही सर्व्हर असता कामा नये. पण माझ्या मामाकडे गोठा आहे आणि हा दाखला पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं. गोठ्यातल्या जनावराला नाव नसतं असं मामाला सांगून बघा. कुठली गाय लाथ मारते, कुठलीला कडबा बारीक करून लागतो, कुठली व्यायला झालीये, हे त्याला पाठ असतं. संध्याकाळी जनावरं परतली की न मोजता त्याला कळतं, एक कमी आहे. तो दाखला हजारोंच्या कळपाचा, अमेरिकेतल्या कुरणांवरचा. आम्ही तो पुण्यात आणला आणि त्यातून एवढंच उचललं, की एकेकाला ओळखायची गरज नाही.

नावं देऊ नका हे मान्य. पण नाव नसलं म्हणून ओळख नसावी असं कुठे आहे? मामाला एक जनावर कमी आहे हे कळतं. मला माझ्या गटात सहा सर्व्हर जास्त आहेत हे अकरा महिने कळलं नव्हतं.

*

आता माझी गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत.

आमच्याकडे तेव्हा साधारण ३४० व्हर्च्युअल सर्व्हर होते. त्यांतले चौदा ‘टेस्ट’ टॅगचे. दर पंधरवड्याला त्यांच्यावरचा चाचणीचा डेटा पुसून नवा भरायचा असे. काम कंटाळवाणं, म्हणून सर्वांत नव्या मुलाकडे. तो तेवीस वर्षांचा, पहिलीच नोकरी. मला दादा म्हणायचा. त्या रात्री पावणेबाराला त्याने नेहमीची कमांड नेहमीसारखी मारली. सगळ्या ओळी हिरव्या आल्या. लॅपटॉप बंद करून तो झोपला.

चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. रक्त-लघवीच्या तपासण्यांचे अहवाल देणारी एक साखळी आमची ग्राहक होती. त्यांचे सहा सर्व्हर रिकामे होते.

बॅकअप होता, म्हणून वाचलो. पण संध्याकाळी सातनंतरच्या नोंदी त्यात नव्हत्या. त्या ग्राहकाच्या माणसांनी सकाळी हाताने पुन्हा भरल्या. साडेचार तास अहवाल बंद होते. कुणाचं ऑपरेशन पुढे गेलं का, कुणाचं औषध लांबलं का, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पहाटे त्याने फोनवर एकच प्रश्न केला : “दादा, कमांड तर टेस्टवरच मारली होती ना मी?” मी म्हटलं, “हो रे. बघतो.”

बघितलं, तेव्हा कळलं. अकरा महिन्यांपूर्वी ते सहा सर्व्हर उभे करताना टेस्टच्या एका सर्व्हरची नक्कल केली गेली होती. नकलेसोबत टॅगही आला होता. नंतर ते सर्व्हर प्रॉडक्शनला गेले, पण चिठ्ठी कुणी बदलली नाही. मधल्या काळात ती अडकली नाही याचं कारण एवढंच, की जुनी स्क्रिप्ट नावांच्या यादीवरून चालायची. टॅगवरून चालणारी नवी स्क्रिप्ट त्याच आठवड्यात आली होती. नक्कल कुणी केली याची नोंद लॉगमध्ये होती. ते नाव माझं होतं.

मी त्या रात्रीच टॅग दुरुस्त केला. दोन दिवसांनी मॅनेजरने आरसीए लिहायला मला सांगितलं, कारण घटना मी सोडवली होती. मी लिहिलं : ‘मूळ कारण – मानवी चूक. अभियंत्याने गटातील सर्व्हरांची खातरजमा न करता कमांड चालवली.’ यातला एकही शब्द खोटा नाही. टॅग चुकीचा होता हे मी खालच्या एका ओळीत लिहिलं, कर्मणी प्रयोगात : ‘टॅग अद्ययावत केला गेला नव्हता.’ कुणी केला नव्हता, असं कुणी विचारलं नाही. अहवाल ग्राहकाला गेला, ग्राहकाचं समाधान झालं. मुलावर ‘सुधारणा योजना’ लागली. ती लागली की पुढे काय होतं हे आयटीतल्या सगळ्यांना माहीत आहे. तीन महिन्यांत त्याने राजीनामा दिला.

मागच्या दिवाळीत मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, मला माहीत होतं. लॉग मीपण बघितला होता. पण मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?”

मग माझं नाव त्या रकान्यात असायला हवं होतं का? मलाही तसं वाटत होतं, आणि ते कबूल न केल्याची लाज आजही आहे. पण माझं नाव लिहिलं असतं तरी तो अहवाल तितकाच निकामी ठरला असता. पुढच्या महिन्यात तिसऱ्या कुणी दुसऱ्या कुठल्या सर्व्हरची नक्कल केली असती. कमांड मारण्याआधी त्या मुलासमोर एवढीच ओळ आली असती, की ‘हे वीस सर्व्हर आहेत, पुढे जाऊ?’, तर तो थांबला असता. टेस्टचे चौदा असतात, हे त्याला पाठ होतं. त्याच्याजवळ जी माहिती होती ती हत्याराने विचारली नाही, आणि हत्याराजवळ जी होती ती त्याला दाखवली नाही.

*

हे बोललं की ठरलेले आक्षेप येतात.

पहिला : वेग लागतोच. सुरक्षेचं भगदाड उघडं पडलं की तासाभरात सगळीकडे पॅच मारावा लागतो, तिथे तुझे सोपस्कार कुठे करत बसू? बरोबर. पण डिसेंबर २०२१ आठवा. लॉग-फोर-जेमधलं भगदाड जगजाहीर झालं तेव्हा लोक रात्रीचे दिवस करत होते ते कमांड हळू चालते म्हणून नव्हे. आपल्या कुठल्या कुठल्या सर्व्हरवर ती लायब्ररी आहे, हेच कुणाला धड सांगता येत नव्हतं. अडलं होतं ते यादीपाशी. शिवाय वेग खरोखर हवा असेल तेव्हा तो मागून घ्यावा, नोंद करून घ्यावा. अ‍ॅम्ब्युलन्स सिग्नल तोडते म्हणून सगळ्यांनी सिग्नल बंद करून ठेवायचे नसतात.

दुसरा : दोन माणसांची मंजुरी ठेवा, प्रश्न मिटला. आमच्याकडे ती होती. मंजुरी देणाऱ्यासमोर कमांड येते, गटाचं नाव येतं. गटात कोण आहे ते येत नाही. ‘टेस्ट’ लिहिलेलं दिसलं की तो अंगठा उठवतो. त्या रात्रीही उठवला होता. दोघांना एकच खोटी चिठ्ठी दाखवली तर दोघांचीही एकच चूक होणार.

तिसरा : हत्यारात तपासणी घाला, वाईट कमांड आपोआप अडेल. घालाच. पण तिच्यावर विसंबू नका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये जागतिक जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका कमांडने त्यांची सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून तोडली. अशा कमांडी अडवणारं तपासणीचं साधन त्यांच्याकडे होतं; त्यातच दोष निघाला. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सहा तास गायब झाले आणि आतली साधनंही बंद पडल्याने डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष माणसं पाठवावी लागली. पहारेकरी झोपू शकतो. म्हणून दारही अरुंद लागतं, एका वेळी थोडेच जातील असं.

चौथा : आता कमांड मारतो कोण, सगळं कुबरनेटिसवर असतं. तिथेही गट लेबलांवरूनच ठरतात. आणि लेबल म्हणजे चिठ्ठीच.

*

तर माझ्या मागण्या. त्या हत्यारं बनवणाऱ्यांकडे आहेत, तशाच आपापल्या ऑफिसात स्क्रिप्टा लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांकडेही.

मर्यादा लिहिली नसेल तर हत्याराने अख्खा गट गृहीत धरू नये. थांबावं आणि विचारावं. ‘सगळे’ हवे असतील तर तो शब्द माणसाने स्वतः लिहावा.

हुकूम आधी एका सर्व्हरवर, मग थोड्यांवर, मग उरलेल्यांवर असाच जावा, आणि मध्ये वाट बघावी. परतीचा कोड शून्य आला का, एवढंच बघून भागत नाही. त्या सर्व्हरवर ज्यांचं काम चालतं त्यांचं अजून चालतंय का, ते बघावं.

‘पुढे जाऊ का? हो/नाही’ असं विचारू नये. ‘हो’ हे बोटांनाच पाठ असतं. ‘तुमच्या मते किती सर्व्हर?’ असं विचारावं. मी आमच्या स्क्रिप्टमध्ये हेच घातलं. आकडा आपण सांगायचा, आणि तो गटाशी जुळला नाही तर स्क्रिप्ट बंद. लोकांनी आधी कुरकुर केली. आजवर तिने मला स्वतःला दोनदा अडवलंय.

टॅगला तारीख आणि मालक असावा. सहा महिन्यांत कुणी ‘हो, हे अजून खरं आहे’ असं म्हटलं नाही, तर त्या टॅगवर पुसणारी कमांड चालू नये.

आणि आरसीएमधून ‘मानवी चूक’ हे शब्द हद्दपार करा. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा भलत्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. दोन-एक सेकंदांत लक्षात येऊन थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबींपैकी साडेचारच उरले होते. कंपनीने सगळी घटना उघड मांडली आणि त्यात त्या माणसाला ‘टीम-मेंबर-१’ म्हटलं. बॅकअपच्या सगळ्या पद्धती कशा निकामी ठरल्या, दोन सर्व्हरांत गोंधळ कसा होऊ शकला, यावर पानं लिहिली. माणसाचं नाव झाकलं की अहवालाला बाकीच्या गोष्टींकडे बघावंच लागतं. आपल्याकडे उलट होतं. नाव सापडलं की शोध थांबतो, कारण सगळ्यांनाच तो थांबायला हवा असतो : मॅनेजरला, ग्राहकाला, आणि ज्याचं नाव लॉगमध्ये वर कुठेतरी पडलेलं असतं त्याला.

तो अहवाल अजून आमच्या सिस्टीममध्ये आहे. हा लेख लिहायला घेण्याआधी मी तो उघडला आणि त्याला एक पुरवणी जोडली. तीत टॅग कुणी लावला, स्क्रिप्ट कधी बदलली, वीसचा आकडा कुणाला का दिसला नाही, हे तारखांसह लिहिलं आहे. मूळ कारणाच्या रकान्यातले ते दोन शब्द खोडायची सोय सिस्टीममध्ये नाही. एकदा बंद झालेला अहवाल बदलता येत नाही. ही सोय मिळावी म्हणून मी रीतसर अर्ज टाकला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.